ऐकली का न्हाई?

"बाई, तुमचा 'ण' फार शुद्ध येतोय," चंद्रकांत शेटे म्हणाले. "तेवढा काढा."

"काढून कुठे ठेवू?" मी विचारलं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट इकबाल मुजावर हसला. शेटे हसले नाहीत. कॅसेटच्या धंद्यात येण्याआधी ते टेबलफॅन विकायचे. माणूस असो की गाणं, त्याचा वारा लागतो की नाही, एवढीच त्यांची परीक्षा.

"'पाणी' नको, 'पानी' म्हणा. शेतातली बाई आहे ती. शेतातल्या बाईला 'ण' येत नाही."

शेतातली बाई माझ्यापासून चार हातांवर बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. तिचं नाव सगुणा खोत. मांडीवर भाकरीचं फडकं, पदर डोक्यावर, आणि पायातल्या चपला तिने दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, जणू ते देऊळच होतं.

ते देऊळ म्हणजे कोल्हापुरातल्या उद्यमनगरातलं एक जुनं गोदाम. सन पंच्याऐंशी. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. माझ्या गाण्याच्या गुरूंनी, आमच्या बुवांनी, ते पाहिलं असतं तर घरी जाऊन आंघोळ केली असती. आजूबाजूला सगळी लेथची वर्कशॉपं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, रेकॉर्डिंग करायचं. एरवी गाण्यात खरखर मिसळायची. त्या दिवशी आम्ही जे गाणार होतो त्यात ती मिसळली असती तरी काही बिघडलं नसतं, असं माझं मत होतं.

गाणं शाळेच्या वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पुरुष विचारणार, 'बांधावरनं हाक मारली, ऐकली का न्हाई?' बाई म्हणणार, 'ऐकली, पर कामात हुते, सवड मला न्हाई.' मग पुरुष म्हणणार, 'पानी सोडलंय पाटाला, बगाय येशील का?' आणि बाईने हसायचं, आणि हसता हसता म्हणायचं, 'पानीच बगाय येते म्हनं, दुसरं काय का?' अशी चार कडवी. चौथ्या कडव्यात दोघं म्हातारी होतात, आणि तरी तो बांधावरून हाक मारतोच. संपलं. ना काव्य, ना कल्पना. मी अकरा वर्षं मिरजेला बुवांच्या पायाशी बसून पूरिया धनाश्रीचा एकेक सूर घासला, तो 'पानीच बगाय येते' म्हणायला नव्हे.

मग मी तिथे का होते? कारण शेट्यांनी शब्द दिला होता. लोकगीतांच्या एका कॅसेटवर गायचं, की पाठोपाठ माझ्या एकटीची ख्यालाची कॅसेट: एका बाजूला पूरिया धनाश्री, दुसऱ्या बाजूला बुवांनी बांधलेल्या दोन बंदिशी. बुवा तेव्हा अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या बंदिशी त्यांच्या कानांवर पडायच्या असतील तर मला घाई होती. शेट्यांना सांगली आकाशवाणीवर गाणारी बाई हवी होती, कॅसेटच्या पुठ्ठ्यावर नाव छापायला. 'कालिंदी साठ्ये, रेडिओ स्टार.' दोनदा गायले होते मी रेडिओवर. दोनदाच.

हे गाणं रंगराव खोताचं. तो राधानगरीकडच्या एका गावात दूध संस्थेत मापाड्या होता. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध मापायचं आणि मधल्या वेळात गाणी जुळवायची. संस्थेच्या वर्धापनदिनाला तो आणि त्याची बायको हे गाणं गायले, शेट्यांच्या मेव्हण्याने ते ऐकलं, आणि निरोप गेला. निरोपात काय होतं यावरून त्या सकाळी जरा घोळ झाला होता. शेट्यांनी म्हणे 'तुम्ही या' असं कळवलं होतं, रंगरावाला वाटलं 'तुम्ही' म्हणजे दोघं. दोघं पहाटेच्या एसटीने आली. सगुणाने नवी इरकली साडी नेसली होती. गोदामात आल्यावर तिला कळलं की तिची ओळ मी गाणार आहे.

"काय हरकत न्हाई," ती म्हणाली होती. "मी ऐकत बसते."

रंगरावाने टोपी काढून पुन्हा घातली.

आम्ही गायला सुरुवात केली. पहिला टेक 'ण'मुळे गेला. दुसऱ्यात मी 'न' म्हटला, पण शेटे म्हणाले की मी तो नाकाला रुमाल लावून म्हणतेय. तिसऱ्यात सगळं बरोबर आलं, आणि ऐकून पाहिलं तर गाणं मेलेलं. चौथ्यात मी हसायच्या जागी हसले. इकबालने ते परत लावलं. खोलीतल्या सगळ्यांनी खाली बघितलं. देवाशपथ सांगते, तसं हसू मी वैऱ्याच्या तेराव्यालाही हसणार नाही.

"बाई, ती लाजतीय, पण मनातनं खूश आहे," शेटे समजावायला लागले. "म्हणजे कसं, की—"

"मला कळतं ते."

"मग येत का नाही?"

रंगराव ढोलकीवाल्याकडे बघत होता. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, आणि त्याच्याकडे बघायची मला गरज वाटत नव्हती. गंमत म्हणजे पुढे चाळीस वर्षं लोकांनी आम्हा दोघांना जोडी म्हटलं. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी सहा वाक्यं बोललो असू, त्यातली दोन चहाबद्दल होती.

इकबालने काचेमागून बटण दाबलं. त्याचा आवाज खोलीत आला. "शेटेसाहेब, एकदा त्या वहिनींना उभं करून बघा की. बघायला काय जातंय?"

शेट्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. "करा."

सगुणा उठली. फडकं बाकावर ठेवलं. माईकसमोर आली तेव्हा तिने त्याला हात लावू का नको, असं करून हात मागे घेतला. इकबालने बाहेर येऊन तिला उभं राहायची जागा दाखवली, हेडफोन दिले. तिने ते कानाला लावले आणि लगेच काढले.

"ह्यात ह्यांचा आवाज लांबनं येतोय," ती म्हणाली. "ह्ये नसलं तर चालंल का?"

"चालेल," इकबाल म्हणाला.

मी बाकावर जाऊन बसले. हार्मोनियम सुरू झाला, ढोलकी लागली. रंगरावाने हाक मारली. आमच्या चारही टेकमध्ये त्याने ती मारली होती, पण आता तो माईक सोडून तिच्याकडे वळला होता आणि आवाज तसाच उघडा होता. 'ऐकली का न्हाई?' तिने थोडा उशीर केला. तालात बसेल इतकाच, पण त्याला वाट बघायला लावेल इतका. मग उत्तर दिलं. मी डोळे मिटून घेतले. ऐकताना डोळे मिटायची मला बुवांनी सवय लावली होती.

गाणं संपलं. क्लॅरिनेटवाला त्याची शेवटची फुंक विसरला होता. त्याने तोंडातून वाद्य काढलं आणि "आयला" म्हणाला.

शेटे गोंधळले होते. वारा लागला होता, हे त्यांना कळत होतं. पण तो पंख्याचा की दुसरा कसला, ते कळत नव्हतं. पुठ्ठ्यावर नाव तर माझं छापायचं ठरलेलं. ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही जाणकार. आपल्याला त्यातलं काय कळत नाही. सुरात आहे का ही?"

सगुणा माईकसमोरच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आणि इकबालने, आणि रंगरावाने.

"पट्टी धरवत नाही त्यांना," मी म्हणाले. "वर जाताना सूर उतरतो. गोड आहे आवाज, पण बेसूर आहे."

हार्मोनियमवाल्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तो भाता पुसायला लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस, तमाशाच्या फडात आयुष्य घालवलेला. मिरजेच्या बाईपुढे तो काय बोलणार?

"खरं व्हय, बाई?" सगुणाने विचारलं. तक्रार नव्हती त्यात. दवाखान्यात डॉक्टरला विचारतात तसं विचारलं.

"हो. शिकावं लागतं ते."

"व्हय, ते बरोबर हाय," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून ओशाळं हसली. "बगा, म्हटलं न्हवतं मी? उगंच आनलंसा मला."

इकबाल अजून काचेमागे वाकून उभा होता. "हा टेक ठेवू का पुसू?" त्याने विचारलं. "स्पूल एकच शिल्लक आहे. ठेवायचा तर बाकीची गाणी पुढच्या सोमवारी."

"बाईंना विचार," शेटे म्हणाले. त्यांनी सगळंच माझ्यावर टाकलं होतं. बरं वाटत होतं त्यांना.

"पुसा," मी म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मुलाखत घेणाऱ्यांना तरी काय, 'त्या अजरामर गाण्याची जादू' हवी असते. घ्या जादू. सगुणा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका. तुमी ते गातासा. गाऊ नका. त्यास्नी उत्तर द्या."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमास्नी ठावं हाय की त्यो कशाला बोलावतोय. त्यालाबी ठावं हाय की तुमास्नी ठावं हाय. मग घाई कशाला करायची? जरा थांबायचं. त्याला वाटू द्यायचं, न्हाई यायची ही."

तिने मला ओळ म्हणून दाखवली. पुटपुटतच, कारण आता ती बेसूर होती. कुठे थांबायचं, कुठे 'म्हनं' खाली सोडायचं, हसू कुठल्या अक्षराच्या आत दाबायचं आणि कुठल्या अक्षरावर सुटू द्यायचं. मी अकरा वर्षांची शागीर्द; नक्कल करणं मला येत होतं, दुसरं काही येवो न येवो. तीन वेळा ऐकून मी ते जसंच्या तसं उचललं. पाचव्या टेकला ती काचेपलीकडे इकबालशेजारी उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघून गात होता, आणि मधे उभी राहून मी तिच्या जागा घेत होते.

टेक ओके झाला. तिच्याच आवाजावरून, त्याच स्पुलावर, तो चढला. बाकीची गाणी झाली. दुपारी सगुणाने सगळ्यांना भाकरी आणि खर्डा वाढला. मी डबा आणला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, नसलं तरी ऐकू आलेलं आहे. ते गाणं ट्रकांमध्ये वाजलं, उसाच्या ट्रॅक्टरांवर वाजलं, बेंजोवाल्यांनी वरातीत वाजवलं. मग मोबाइलच्या रिंगा झाल्या. आता पुण्यातली मुलं-मुली भाड्याच्या बैलगाडीत बसून लग्नाआधीचे व्हिडिओ काढतात, त्यामागे ते लावतात. त्यांनी बांध पाहिलेला नसतो आणि पाट म्हणजे त्यांना बसायचा वाटतो. एका टीव्हीच्या स्पर्धेत मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. परीक्षकाने चष्मा काढून डोळे टिपले आणि म्हणाला, "ही अस्सल मातीतली बाई!" मी मिरजेच्या ब्राह्मणपुरीत वाढलेली. मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. पण टाळ्या पडल्या, आणि मी हात जोडले.

सगळे त्या थांबण्याबद्दल बोलतात. 'हाक आणि उत्तर यांच्यामधली ती जागा.' एका विद्वानाने त्यावर लेखही लिहिला, की ख्यालगायकीतल्या विरामाचं लोकसंगीतात झालेलं हे रोपण आहे. रोपण! मी कात्रण ठेवलंय.

फसला नाही तो एकच माणूस. कॅसेट निघाली त्या उन्हाळ्यात बुवांच्या गल्लीत लग्न होतं आणि मांडवात हेच लावलेलं होतं. मी त्यांना पेज भरवत होते. बुवांचं बोलणं जड झालं होतं, पण कान शाबूत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला आणि पूर्ण गाणं ऐकलं. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता शिव्या घालतील.

"आवाज तुझाय," ते म्हणाले.

"हो, बुवा."

"गाणं कुणाचं?"

"कुणा मापाड्याचं आहे. दूध मापतो."

त्यांनी मान हलवली. ते चालीबद्दल विचारत नव्हते, आणि ते मला कळलेलं आहे हेही त्यांना कळलं. "जिचं आहे तिच्याकडे शिक," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. उरलेली पेज त्यांनी घेतली नाही.

माझी ख्यालाची कॅसेट बुवा गेल्यावर चार महिन्यांनी आली. शेट्यांनी शब्द पाळला. पुठ्ठ्यावर विहिरीवर घागर घेतलेल्या बाईचं चित्र होतं. ती कॅसेट कुणी ऐकली नाही. मीसुद्धा एकदाच ऐकली. सूर सगळे जागच्या जागी होते.

गेल्या वर्षी गाण्याला चाळीस वर्षं झाली म्हणून रंगरावांच्या गावाने सत्कार ठेवला. मोटार पाठवली होती. सकाळी अकराचा कार्यक्रम, हायस्कुलाच्या मैदानात. त्याआधी चहाला त्यांच्या घरी. रंगराव ऐंशीच्या घरात, ताठ, कानाला यंत्र. सगुणाबाईंनी मला ओळखलं तेव्हा माझे दोन्ही हात धरले. त्यांची सून चहा घेऊन आली. सगुणाबाईंनी तिला थांबवलं.

"ह्या बाई मोठ्या मनाच्या," त्या सुनेला सांगायला लागल्या. "मला तोंडावर सांगितलं यांनी, की तू बेसूर हायेस. दुसरं कोन सांगतंय? ह्यांचं तर काय, बायको म्हनून गोडच लागायचं. मला वाटायचं, मी लई भारी गाती. देवळात गायचे, जात्यावर गायचे, रानात गायचे. कुनी सांगितलंच न्हाई. जन्मभर हसं झालं असतं."

"मग नंतर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मग काय, सोडलं. एक सूर काढला न्हाई. पोरगं रडायचं, तर ह्यांना म्हनायची, तुमी म्हना." त्या हसल्या. "भजनाला बायका लई बोलवायच्या. म्हटलं, तुमचंबी बिघडवू कशाला?"

चाळीस वर्षांपूर्वी त्या अंड्याच्या ट्रेंच्या खोलीत मी डोळे मिटले तेव्हा सूर चुकायची वाट बघत होते. पहिल्या ओळीला, दुसऱ्या ओळीला, वर जाताना, खाली येताना. केसभरही हलला नाही. अकरा वर्षांत बुवा मला जे सांगत होते आणि जे मला एकदाही लागलं नव्हतं, ते एक बाई हेडफोन काढून ठेवून, नवऱ्याशी बोलावं तसं लावत होती. ती सुरात आहे की नाही, असा प्रश्नच नव्हता. म्हणून तर मी ते उत्तर दिलं.

हे मी आता लिहिते आहे. तेव्हा त्या माझ्यासमोर होत्या, माझे हात त्यांच्या हातांत होते, आणि सून कौतुकाने माझ्याकडे बघत होती. 'बाई, मी खोटं बोलले,' एवढे चार शब्द होते. मी म्हणाले, "चहा छान झालाय."

मोटारीत मी ठरवलं की व्यासपीठावरून सांगेन. सगळ्यांसमोर, माईकवर. मनात वाक्यंसुद्धा जुळवली. सरपंचांचं भाषण झालं, आमदारांच्या माणसाचं झालं. निवेदक म्हणाला, "ज्यांच्या प्रेमाने महाराष्ट्राला प्रेम शिकवलं, ती ही अमर जोडी!" आणि माईक माझ्या हातात दिला. समोर दोन-अडीच हजार माणसं, बाया, शाळेची मुलं. पहिल्या रांगेत सगुणाबाई, नवी साडी नेसून.

मी माईक तोंडाशी नेला. तेवढ्यात रंगरावांनी त्यांच्या माईकवर हाक मारली. 'बांधावरनं हाक मारली, ऐकली का न्हाई?' आवाज फाटलेला, पण तसाच उघडा, आणि आताही ते माझ्याकडे बघत नव्हते, पहिल्या रांगेकडे बघत होते.

मी थांबले. जेवढं थांबायचं तेवढंच. मग उत्तर दिलं.

दुसऱ्या ओळीपासून सगळं मैदान माझ्याबरोबर गात होतं. म्हाताऱ्या गात होत्या, शिपाई गात होता, सरपंच गात होते, कडेवरची पोरंसुद्धा 'न्हाई न्हाई' करत होती. पहिल्या रांगेत एक बाई ओठ घट्ट मिटून, नवऱ्याकडे बघत बसली होती.

वन्स मोअर आला. मी पुन्हा गायले.